लिनक्स टाकलेत, आता व्हिडिओही चालवून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या नियमित सुधारणा थांबल्या. विंडोज ११ न पेलणारे लॅपटॉप भंगारात घालण्यापेक्षा त्यांवर लिनक्स या मोफत कार्यप्रणालीचे मिंट किंवा उबंटू हे प्रकार टाका, हा सल्ला आता सर्रास दिला जातो आणि तो योग्यच आहे. पण असे लिनक्स टाकून आणलेल्या यंत्राबद्दलची पहिली तक्रार जवळपास ठरलेली असते: व्हिडिओ नीट चालत नाही. त्यावर 'लिनक्स म्हटले की असेच' हे उत्तर ऐकवले जाते. ते चुकीचे आहे. व्हिडिओ चालता करणे हा लिनक्स टाकण्याच्या कामाचाच भाग आहे. अर्ध्या तासाचे ते काम न करताच यंत्र गिऱ्हाइकाच्या हाती दिले जाते, म्हणून हे पत्र.

खाली काही आज्ञा आणि पॅकेजांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ती रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाइप करायची.

आधी तक्रार नेमकी कोणती ते विचारावे. फाईल उघडतच नाही, किंवा आवाज येतो पण चित्र काळे, हा एक प्रकार. चित्र दिसते पण अडखळते आणि पंखा घोंघावतो, हा दुसरा. ब्राउझरमध्ये बाकी सगळे चालते, फक्त ओटीटी नकार देते, हा तिसरा. जुनी सीडी-डीव्हीडी वाचली जात नाही, हा चौथा. चारही आजारांची कारणे वेगळी आहेत. अडखळणाऱ्या चित्रावर कोडेकांची (व्हिडिओ दाबून साठवण्याच्या आणि उलगडण्याच्या पद्धतींची) पॅकेजे टाकत बसणे हा सर्वांत जास्त दिसणारा व्यर्थ उद्योग आहे.

पहिला प्रकार घेऊ. एमपी४, एमकेव्ही, एमओव्ही ही डब्यांची नावे आहेत, भाजीची नव्हेत. आत चित्र एच.२६४ मध्ये आहे, एच.२६५ मध्ये की एव्ही१ मध्ये, हे फाईलच्या नावावरून कळत नाही. ते पाहण्यासाठी एफएफएमपेग पॅकेज टाकून 'एफएफप्रोब' ही आज्ञा द्यावी आणि पुढे फाईलचे नाव लिहावे. शेवटच्या काही ओळींत 'व्हिडिओ' आणि 'ऑडिओ' या शब्दांपुढे कोडेकचे नाव येते. ज्यांना टर्मिनल नको त्यांच्यासाठी 'मीडियाइन्फो' आहे. व्हीएलसीत कंट्रोल आणि जे दाबले तरी हीच माहिती मिळते.

एका नमुन्यावरून बरेच कळते. लग्नाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून आला तर चालतो, पण तोच आयफोनमधून केबलने उतरवला तर चालत नाही. आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, मुळात एच.२६५ मध्ये चित्रीकरण करतो. व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने पाठवताना ते एच.२६४ मध्ये बदलून लहान करते. फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर मात्र ती मूळ रूपातच येते आणि पुन्हा अडते. अलीकडच्या आयफोनचे एचडीआर चित्रण दहा बिटांचे असते. ते चालले तरी काही प्लेअरांत फिकट, धुरकट दिसते. एमपीव्ही या प्लेअरमध्ये रंग बऱ्यापैकी जागेवर येतात.

हे कोडेक लिनक्सबरोबर आधीच का नसतात? कारण पेटंट. एच.२६४ हे मानक २००३ चे, एच.२६५ हे २०१३ चे, आणि दोन्हींवर अनेक कंपन्यांची पेटंटे आहेत. अमेरिकन कंपनीच्या पाठबळावर चालणारा फेडोरा हा लिनक्सचा प्रकार त्याबाबत सर्वांत काटेकोर. डेबियन या प्रकाराच्या मुख्य भांडारातच (पॅकेजे जिथून उतरतात तिथेच) हे डीकोडर आहेत, त्यामुळे तिथे व्हीएलसी किंवा एमपीव्ही टाकले की बहुतेक काम होते. मिंटमध्ये इन्स्टॉल करतानाच 'मल्टिमीडिया कोडेक' अशी चौकट येते; ती राहून गेली असेल तर मेनूतल्या ध्वनी-चित्र विभागात तीच सोय आहे, किंवा 'मिंट-मेटा-कोडेक्स' हे पॅकेज टाकावे. उबंटूत इन्स्टॉलर दोन वेगळ्या चौकटी दाखवतो, एक ड्रायव्हरांची आणि एक जादा माध्यम-प्रकारांची. घाईत दुसरी सुटते. नंतर 'उबंटू-रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज' टाकले की भरपाई होते. ते टाकताना मध्येच फॉन्टच्या परवान्याचा पडदा येतो आणि माउस चालत नाही. टॅब दाबून 'ओके'वर जायचे, मग एंटर. इथे अडकून खिडकीच बंद केली तर पॅकेज अर्धवट राहते आणि पुढचे प्रत्येक इन्स्टॉल रडते. तेव्हा 'सुडो डीपीकेजी', मग दोन आडव्या रेघा जोडून 'कॉन्फिगर', मग एक आडवी रेघ आणि 'ए' अशी आज्ञा द्यावी.

फेडोरात आरपीएम फ्युजन हे बाहेरचे भांडार जोडावे लागते, आणि मग फेडोराचे छाटलेले 'एफएफएमपेग-फ्री' काढून पूर्ण 'एफएफएमपेग' आणावे लागते. साधे 'इन्स्टॉल' म्हटले तर दोघांची टक्कर होते, म्हणून 'डीएनएफ स्वॅप' वापरायचे आणि शेवटी दोन आडव्या रेघांसह 'अलाऊइरेझिंग' हा पर्याय जोडायचा. ओपनसुसेत 'ओपीआय' हे साधन टाकून 'ओपीआय कोडेक्स' म्हटले की ते पॅकमन भांडार जोडून बाकीचे स्वतः करते.

इतके करूनही ग्नोम या डेस्कटॉपचा व्हिडिओ-प्लेअर 'एच.२६४ डीकोडर हवा' असे म्हणत राहिला तर दोष बहुधा जीस्ट्रीमरचा असतो. व्हीएलसी आणि एमपीव्ही एफएफएमपेगवर चालतात, ग्नोमचा प्लेअर जीस्ट्रीमरवर. त्यासाठी 'जीस्ट्रीमर१.०-लिबएव्ही' हे वेगळे पॅकेज लागते. 'बॅड' आणि 'अग्ली' नावाच्या प्लगइनांना घाबरू नये. पहिल्याचा दर्जा अजून तपासायचा आहे, दुसऱ्याचा परवाना अडचणीचा आहे, इतकाच अर्थ. पॅकेज टाकूनही फरक पडला नाही तर घरच्या फोल्डरातल्या लपलेल्या 'कॅश' फोल्डरमधला 'जीस्ट्रीमर-१.०' हा उपफोल्डर पुसून प्लेअर पुन्हा उघडावा. जुनी यादी तिथे साठून राहते.

स्नॅप किंवा फ्लॅटपॅक या स्वतंत्र गाठोड्यांतून आलेले प्रोग्राम आपले कोडेक सोबतच आणतात. म्हणून उबंटूवर फायरफॉक्समध्ये यूट्यूब चालते आणि शेजारच्या फोल्डरातली फाईल चालत नाही, यात विसंगती काही नाही. उलटही खरे: सिस्टिममध्ये कितीही कोडेक ओतले तरी स्नॅपमधल्या प्रोग्रामला त्यांचा उपयोग होत नाही.

आता दुसरा प्रकार, अडखळण्याचा. जुन्या लॅपटॉपवर खरी कसोटी इथेच लागते. व्हिडिओ उलगडण्याचे काम ग्राफिक्स चिपमधला खास भाग करतो किंवा मुख्य प्रोसेसर करतो. चिपने केले तर प्रोसेसर जवळपास रिकामा राहतो. प्रोसेसरवर पडले तर जुने दोन कोरांचे यंत्र १०८० पिक्सेलला धापा टाकते. चिपकडे काम सोपवण्याची वाट लिनक्सवर व्हीए-एपीआय नावाची आहे. ती उघडी आहे का, हे 'व्हीए-इन्फो' (मधली रेघ टाइप न करता) या आज्ञेने कळते. उबंटू-डेबियनमध्ये याच नावाचे पॅकेज आहे, फेडोरात ते 'लिबव्हीए-युटिल्स'मध्ये मिळते. उत्तरात प्रोफाइलांची यादी येते. ज्या ओळीच्या शेवटी 'व्हीएलडी' आहे तो प्रकार चिप उलगडू शकते. 'एन्क' म्हणजे फक्त रेकॉर्ड करण्यासाठी. यादीऐवजी चूक आली तर ड्रायव्हर नाही.

इंटेलचे दोन ड्रायव्हर आहेत. पाचव्या पिढीपासून पुढे 'आयएचडी' म्हणजे इंटेल-मीडिया ड्रायव्हर, त्याआधीच्या यंत्रांना जुना 'आय९६५'. उबंटू आणि मिंटमध्ये दोन्ही सहसा आधीच असतात. फेडोरात पूर्ण रूपातले हे ड्रायव्हर आरपीएम फ्युजनमधून घ्यावे लागतात. मधल्या काही पिढ्यांवर दोन्ही चालतात; एकाने हिरवे पट्टे दिले तर 'लिबव्हीए_ड्रायव्हर_नेम' या पर्यावरण-चलात (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये) दुसऱ्याचे नाव घालून पाहावे. या चलाचे नाव मात्र मोठ्या अक्षरांत लिहायचे, आणि 'आयएचडी'तले 'एचडी'ही. एएमडीचा ड्रायव्हर मेसा या मुक्त ग्राफिक्स-संचामध्येच असतो, पण २०२२ च्या फेडोरा ३७ पासून तिथल्या मेसातून एच.२६४ आणि एच.२६५ वगळले गेले. आरपीएम फ्युजनमधल्या 'फ्रीवर्ल्ड' नावाच्या मेसा पॅकेजाने ते परत येतात. एएमडीच्या लॅपटॉपवर फेडोरा टाकणाऱ्याने हे पाहिले नाही तर गिऱ्हाईक परत येणारच.

एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांबाबत आमचे मत स्पष्ट आहे: २०१० च्या आसपासच्या कार्डासाठी कंपनीचा ड्रायव्हर बसवायच्या भानगडीत पडू नये. त्यांच्या ड्रायव्हरांचा आधार संपला आहे आणि नव्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) ते तुटतात. लॅपटॉपमध्ये इंटेलची चिप सोबत असेल तर काम तिच्याकडेच द्यावे. नव्या कार्डावर कंपनीचा ड्रायव्हर घालताना सिक्युअर बूट (यंत्र सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) चालू असेल तर पासवर्ड मागितला जातो, आणि पुढच्या सुरुवातीला एक निळा पडदा येतो. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा थोडा वेळच थांबतो. चुकवला तर ड्रायव्हर बसलेला दिसतो पण चढत नाही.

चिप कोणती, यावर तिला काय उमगते ते ठरते. इंटेलच्या दुसऱ्या पिढीपासून, म्हणजे २०११ पासून, एच.२६४ निर्धास्त चालतो. आठ बिटांचा एच.२६५ सहाव्या पिढीपासून, दहा बिटांचा आणि व्हीपी९ हा गुगलचा कोडेक सातव्या पिढीपासून, एव्ही१ अकराव्या पिढीपासून. विंडोज ११ ने नाकारलेली बहुतेक इंटेल यंत्रे सातव्या पिढीची किंवा त्याआधीची आहेत. आणि यूट्यूब ब्राउझरला शक्यतो व्हीपी९ किंवा एव्ही१ पाठवते. म्हणजे चौथ्या पिढीच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर अगदी बिनचूक असला तरी यूट्यूबचा सगळा भार प्रोसेसरवरच पडतो. यावर उपाय सोपा आहे. फायरफॉक्समध्ये 'एच२६४इफाय' (h264ify) किंवा 'एन्हान्स्ड-एच२६४इफाय' हे एक्स्टेंशन घातले की यूट्यूब एच.२६४ देऊ लागते. त्यात १०८० पिक्सेलच्या वरचे चित्र मिळत नाही, पण या यंत्रांच्या पडद्यावर ते लागतही नाही.

खात्री करायची तर यूट्यूबच्या चित्रावर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडावे. कोडेकच्या ओळीत 'एव्हीसी१' म्हणजे एच.२६४, 'व्हीपी०९' आणि 'एव्ही०१' म्हणजे दुसरे दोन. जवळच गळलेल्या फ्रेमांचा आकडा असतो. पहिल्या काही सेकंदांत थोड्या फ्रेम गळतातच. नंतर तो आकडा वाढत राहिला तर गडबड आहे. इंटेलवर 'इंटेल-जीपीयू-टूल्स' पॅकेज टाकून 'सुडो इंटेल_जीपीयू_टॉप' चालवले की 'व्हिडिओ' नावाची पट्टी दिसते. व्हिडिओ चालू असताना ती शून्यावर असेल तर चिप झोपली आहे, सगळे काम प्रोसेसर ओढतोय.

फायरफॉक्समध्ये चिपकडे काम सोपवण्याची ही सोय इंटेलसाठी ११५ व्या आवृत्तीपासून आणि एएमडीसाठी १३६ व्या आवृत्तीपासून आपोआप चालू असते. 'अबाउट:सपोर्ट' पानावरच्या माध्यम विभागात कोणता कोडेक चिपवर आणि कोणता प्रोसेसरवर चालतो याचा तक्ताच मिळतो. क्रोममधले यासाठीचे पर्याय दर काही आवृत्त्यांनी नाव बदलतात, म्हणून छापील सल्ला टिकत नाही. जुन्या यंत्रावर फायरफॉक्सच बरा. एमपीव्हीच्या सेटिंग फाईलमध्ये 'एचडब्ल्यूडेक=ऑटो-सेफ' ही एक ओळ पुरते, आणि चालू व्हिडिओत 'आय' दाबले की चिप वापरली जाते आहे का ते दिसते. कंट्रोल आणि एच दाबून ती चालू-बंद करून फरकही पाहता येतो. चित्र हिरवे किंवा फाटलेले दिसले तर दोष चिपच्या मार्गात आहे. व्हीएलसीच्या प्राधान्यक्रमात इनपुट व कोडेक विभागात जाऊन हार्डवेअर-डीकोडिंग बंद करावे.

ओटीटीचे थोडक्यात. त्यांना वाइडव्हाइन हे कुलूप लागते. फायरफॉक्समध्ये डीआरएम (नक्कल रोखणारे कुलूप) चालू करण्याची परवानगी द्यावी, मग ते स्वतः उतरवून घेते. डेबियनच्या भांडारातल्या क्रोमियममध्ये ते नसते. लिनक्सवर वाइडव्हाइनची सर्वांत खालची, निव्वळ सॉफ्टवेअरची पातळीच मिळते, त्यामुळे काही सेवा चित्राचा दर्जा कमी करतात. ब्राउझरची ओळख विंडोजची सांगून हे सुटत नाही. गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकावे.

सीडी आणि डीव्हीडीची बाब आपल्याकडे अजून जिवंत आहे, कारण घरोघरी लग्नाच्या, मुंजीच्या आणि नाटकांच्या चकत्या पडून आहेत. व्हीसीडीतली 'एव्हीसेक०१.डॅट' ही फाईल लिनक्समध्ये ओढून कॉपी करू गेले की इनपुट-आउटपुट चूक येते, आणि चकती खराब झाली असे समजून ती फेकली जाते. चकती ठणठणीत असते. व्हीसीडीवरचा व्हिडिओ साध्या डेटासारखा लिहिलेला नसतो. त्याच्या सेक्टरांची मांडणी वेगळी असते आणि फाईल-मॅनेजरला ती वाचता येत नाही. व्हीएलसीत 'डिस्क उघडा' मध्ये व्हीसीडी निवडले की ती चालते. कायमची उतरवून घ्यायची तर 'व्हीसीडीइमेजर' पॅकेजातले 'व्हीसीडीएक्सरिप' वापरावे, एमपीईजी फाईल हाती येते. चित्र ३५२ गुणिले २८८ चेच असणार, पण ते प्लेअरचे पाप नव्हे.

घरगुती चित्रणाची डीव्हीडी सहसा कुलूपबंद नसते आणि थेट चालते. बाजारातली बहुधा असते. तिच्यासाठी डेबियन-उबंटूत 'लिबडीव्हीडी-पीकेजी' टाकून मग 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लिबडीव्हीडी-पीकेजी' ही दुसरी आज्ञा द्यावी लागते. ही दुसरी पायरी विसरली की काहीच बदलत नाही, कारण कुलूप उघडणारी खरी लायब्ररी तेव्हाच उतरते आणि यंत्रावर बांधली जाते. कायद्याची शंका घेणाऱ्यांसाठी: कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडण्याबद्दल बोलते. ड्राइव्हचा प्रदेश-क्रमांक मात्र जपून बदलावा; भारताचा क्रमांक ५ आहे आणि ड्राइव्ह मोजून पाच वेळाच बदल करू देतो.

मराठी उपशीर्षकांच्या जागी चौकोन दिसले तर 'फॉन्ट्स-लोहित-देवा' टाकावे. अगम्य रोमन अक्षरे दिसली तर फाईल जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. ती आधी युनिकोडमध्ये बदलून यूटीएफ-८ म्हणून साठवावी लागेल.

लिनक्सऐवजी फ्रीबीएसडी ही दुसरी मुक्त कार्यप्रणाली वापरणारे थोडे आहेत, पण त्यांची अडचण जास्त. तिथे 'डीआरएम-केमॉड' (वरच्या ओटीटीच्या डीआरएमशी संबंध नाही) टाकल्याशिवाय ग्राफिक्स चिप जागी होत नाही. मग 'सिसआरसी'ने 'केएलडी_लिस्ट'मध्ये इंटेलसाठी 'आय९१५केएमएस' किंवा एएमडीसाठी 'एएमडीजीपीयू' जोडायचे. ही नावे लोडरच्या फाईलमध्ये घातली तर यंत्र सुरुवातीलाच गोठू शकते. वापरकर्त्याला 'व्हिडिओ' गटात घालावे लागते, नाहीतर व्हीए-इन्फो सामान्य वापरकर्त्याला नकार देते आणि रूटला मात्र सगळे दाखवते. सिस्टिमची आवृत्ती बदलली की मॉड्यूलही त्याच आवृत्तीसाठी बांधलेले हवे. आवाज एचडीएमआयकडे जात असेल तर 'एसएनडीस्टॅट' पाहून मूळ उपकरणाचा क्रमांक बदलावा.

शेवटी शाळांच्या संगणक-कक्षांबद्दल, कारण तिथे बहुतेकदा इंटरनेट धिमे किंवा नसतेच. एका यंत्रावर नेट असताना 'ॲप्ट-गेट इन्स्टॉल' पुढे दोन आडव्या रेघांसह 'डाउनलोड-ओन्ली' हा पर्याय देऊन व्हीएलसी, 'लिबएव्हीकोडेक-एक्स्ट्रा', 'जीस्ट्रीमर१.०-लिबएव्ही' आणि 'अग्ली' प्लगइन उतरवावेत. फायली 'व्हार', 'कॅश', 'ॲप्ट', 'आर्काइव्हज' या वाटेने सापडतात. त्या पेनड्राइव्हवर घेऊन बाकीच्या यंत्रांवर टाकाव्यात. सगळ्या यंत्रांवर त्याच लिनक्सची तीच आवृत्ती हवी, आणि फायली उतरवणारे यंत्र नुकतेच बसवलेले असावे, नाहीतर त्यावर आधीच असलेली पॅकेजे यादीतून गळतात. साध्या 'ॲप्ट'ने इन्स्टॉल केले तर उतरवलेल्या फायली नंतर पुसल्या जातात, म्हणून 'ॲप्ट-गेट'. 'रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज' इथे वापरू नये. त्यातले फॉन्ट इन्स्टॉल होताना नेट मागतात. सी-डॅकचे बॉस लिनक्स डेबियनवरच बेतलेले असल्याने त्यालाही हीच पद्धत.

शाळा, ग्रंथालये आणि ग्रामपंचायती लिनक्सची यंत्रे घेतात किंवा जुनी बदलून घेतात, तेव्हा कामाच्या अटींत एक ओळ घालावी, अशी आमची विनंती आहे: पैसे देण्यापूर्वी यंत्रावर एच.२६४ ची एक फाईल, आयफोनमधून केबलने उतरवलेली एक फाईल, वेबएम स्वरूपातली एक, मराठी उपशीर्षकांची एक, आणि नेट असेल तिथे यूट्यूबवरचा १०८० पिक्सेलचा व्हिडिओ सलग दहा मिनिटे चालवून दाखवावा. दुकानदारांनी बिलाच्या मागे व्हीए-इन्फोने दाखवलेल्या ड्रायव्हरचे नाव लिहून द्यावे. पुढचा दुरुस्ती करणारा तिथूनच सुरुवात करील.

कळावे,
आपले,
संगणक-जोडणीचे काम करणारे काही वाचक,
कोल्हापूर